उरलेलं एक पत्र

रेव्हरंड मॅककॅमन यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. आयर्लंडातल्या विणकराचा हा मुलगा शिकून पाळक झाला, यॉर्कशरच्या माळावरच्या या गावात आला आणि बायको, मग दोन्ही मुली, अशा तिघींच्या अंत्यविधीची प्रार्थना त्याने स्वतःच म्हटली. मुली गेल्या आणि त्यांची पुस्तकं देशभर गाजली. गावात मात्र ती कुणी उघडून पाहिली नाहीत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. परगावचे लोक येत, थोरल्या जुडिथच्या हस्ताक्षराचा तुकडा मागत, आणि म्हातारा तिची पत्रं कात्रीने कापून ओळ-ओळ वाटत बसे.

"भीड भिकेची बहीण, साहेब," स्वयंपाकीण टॅमर करवादली. "एकच पत्र उरलंय. तेही देऊन टाका, म्हणजे सुटलात!"

"हळू बोल गं, बाहेर ऐकू जाईल."

बाहेर बाथ शहरातून आलेल्या पेल्यूबाई बसल्या होत्या. वाद घालायचं त्राण म्हाताऱ्यात नव्हतं. आता मोतीबिंदूने नजर गेलेली, टॅमरला अक्षरओळख नाही. पत्रात काय आहे हेही त्याला धड आठवेना. बाईंना आत बोलावून त्याने ते त्यांच्यापुढे धरलं.

"आधी वाचून दाखवा. मग न्या."

बाई वाचू लागल्या. "बाबा, छातीला फ्लॅनेल गुंडाळल्याशिवाय चर्चमध्ये जाऊ नका. पेजेवरून टॅमरशी भांडू नका. मीठ ती जास्तच घालते, मला ठाऊक आहे."

"अगं बाई! जन्मभर तर जुडिथला माझी पेज गोड लागली!" टॅमर दारातून म्हणाली.

"तुमचं प्रवचन लांबलं की मी पेंगते, असं तुम्हाला वाटायचं. मी डोळे मिटून ऐकत असे."

बाईंनी कागद उलटून पाहिला. "पुस्तकांबद्दल काहीच नाही का हो?"

"नाही. बापाबद्दल आहे."

"मग निदान सहीपुरतं कापून—"

"नाही, बाई. हे नाही देत मी."

बोलून तो स्वतःच दचकला. टॅमरने टेबलावरची कात्री पटकन एप्रनमध्ये लपवली. बाई उठल्या. दाराकडे त्यांची पावलं वाजताच म्हाताऱ्याने घाईने हात पुढे केला.

"थांबा. देणार तर नाहीच, पण... एकदा पुन्हा वाचाल का? आमच्याकडे वाचणारं कुणी राहिलं नाही."

बाईंनी हातमोजे काढले, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. या वेळी म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.