गालाला लावलेलं सूत

पाचूबंदरची ती कोळीण माझ्या माणिकपूरच्या दुकानात जाळ्यासाठी सूत घ्यायला यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. लडी उचलून ती आधी गालाला लावायची, कारण ओलसर सूत वजनात जास्त भरतं. मग भावावरून आमचं भांडण व्हायचं.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमारास माझा भागीदार फुटला आणि त्याने समोरच दुकान थाटलं. तेच सूत, भाव कमी, तोंड गोड. माझी गिऱ्हाइकं तिकडे वळली. तो दगा मी अजून विसरलेलो नाही. मीही भाव उतरवून गल्ल्यावर एखादा गोडबोल्या बसवायचं ठरवलं.

तिला विचारलं, "समोर स्वस्त आहे. तू इथे कशाला येतेस?"

"तो बसा म्हनतो, पानी देतो. मंग सूत गालाला लावाया लाज वाटते," ती म्हणाली. "तुझ्याशी भांडनच चालू असते. तुझी कसली लाज, शेट?"

मला राग आला. पण गोडबोल्याचा बेत मी सोडला.

पुढच्या खेपेला मीच आधी ओरडलो, "कोरडं आहे, पारखायचं काय त्यात?"

तिने लडी सावकाश गालाला लावली. मग मी समोरच्यापेक्षा चढा भाव सांगितला, आणि भांडण सुरू झालं.