वांग्याले औषध

लग्नाला दहा वर्षं उलटली, तरी भातकुलीच्या गीतांजलीची कूस उजवली नाही. सासूनं सांगितलेले सगळे उपास तिनं धरले. गावात कुणी तिला डोहाळजेवणाला बोलवेना. नवरा, गोवर्धन, म्हणायचा, "जाऊ दे, तुह्या नशिबातच नसन." तिला वाटायचं, किती गुणाचा माणूस, दुसरी नाही केली.

शेवटी अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. "गर्भनळ्या बंद आहेत. संबंधातून आलेला जुना संसर्ग आहे. हिला कळलंही नसेल, पण आतून नळ्या चिकटत गेल्या." मग त्या गोवर्धनकडे वळल्या. "तुम्हाला कधी काही झालं होतं?"

तो खाली बघत म्हणाला, "लग्नाच्या पयल्या वर्षी. अकोल्याले इंजेक्शन घेतलं, बरा झालो. तिथला डॉक्टर म्हणे, बायकोलेबी आणा. मले लाज वाटली."

दोघं घरी परतली. आल्या आल्या गोवर्धननं नजर चुकवत फवारणीचा पंप पाठीवर चढवला आणि तो वांग्यांकडे निघाला. एका झाडावर कीड दिसली की तो अख्खा वाफा फवारायचा. लागण सांगून येत नाही, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

ती बांधावर आडवी उभी राहिली.

"एका झाडाले कीड लागली, तर शेजारच्या साऱ्या झाडाइले औषध मारता तुमी," ती म्हणाली. "अन् मले उपास?"