लेकीच्या डोळ्यांचं माप

गल्लीत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. जन्मभर दुसऱ्यांच्या नाकावर काचा बसवल्या आणि स्वतःची एकुलती लेक मात्र नजरेआड, पार समुद्रापलीकडे. आता इमारत पाडायची ठरली, महिनाअखेर घर रिकामं करायचं होतं, आणि लेकीला काही केल्या रजा मिळेना. "एकदा घर बघायचं होतं, बाबा," एवढंच ती फोनवर म्हणाली. चष्मेवाल्यांच्या डोक्यात भुंगा शिरला तो तेव्हा.

लेकीकडे डोळ्यांवर चढवायचा पडदा होता. त्यात दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिली, की खोलीत आपण स्वतः उभे आहोत असं वाटतं. मग काय, त्यांनी दोन छोटे कॅमेरे आणले आणि भाजी चिरायच्या फळीवर शेजारी शेजारी आवळले.

"देवाने दिलेले दोन डोळे कमी पडले का?" बायकोने विचारलं. फळी तिची, तेव्हा बोलायचा हक्कही तिचाच. पण दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं एकाच क्षणावर जुळवायला चित्रणाच्या सुरुवातीला एक टाळी लागायची, ती मात्र तीच वाजवायची आणि पटकन दारामागे लपायची.

घरभर फिरून केलेलं चित्रण लेकीला पाठवलं. तिने पाहिलं. "छान आहे, बाबा. पण घर भातुकलीतलं वाटतंय. एवढंसंच होतं का हो?"

हे त्यांच्या जिव्हारी लागलं. चूकही त्यांच्याच धंद्यातली. कॅमेरे अंगाने जाड, त्यामुळे दोन भिंगं माणसाच्या डोळ्यांपेक्षा लांब पडली होती. असे डोळे राक्षसाचे, आणि राक्षसाला घर खेळण्याएवढंच दिसणार. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतलं अंतर मोजल्याशिवाय कधी काच कापली नाही, आणि लेकीचंच माप घ्यायचं राहिलं!

दुकानाच्या खणात तिचा पहिला चष्मा होता, शाळेत पडून दांडी मोडलेला. त्यांनी तो पट्टीवर ठेवला. या मापाची पोर आता जगात कुठेच नाही, हे त्यांना तेव्हा एकदम कळलं. मग कॅमेऱ्यांची कवचं काढली आणि आतली भिंगं वायरींसकट त्याच फ्रेमला, लहानग्या डोळ्यांच्या अंतरावर बांधली. एक जरा वर नि एक खाली झालं तरी बघणाऱ्याचं डोकं दुखतं, म्हणून पुन्हा पुन्हा बसवली. यंत्र मुठीएवढं झालं.

बायकोने टाळी वाजवली, आणि चष्मेवाले कंबर मोडेस्तोवर वाकून, कुंथत, लहान मुलाच्या उंचीवरून घरभर हिंडले.

पाहून झाल्यावर लेकीचा फोन आला.

"ओटा केवढा उंच आहे," ती म्हणाली. "कपाट तर आभाळाला टेकलंय. असंच होतं, बाबा. अगदी असंच." मग म्हणाली, "खिडकीतून खालचं काहीच दिसत नाहीये. उचलून घ्या ना मला."

चष्मेवाल्यांनी फोन ओट्यावर ठेवला. "टाळी वाजव," बायकोला एवढंच म्हणाले. मग यंत्र दोन्ही हातांत धरून हळूहळू वर नेलं. खिडकीची कड खाली गेली, गल्ली दिसली, टोकाला दुकानाची पाटी.

"अहो, झालं ना? हात भरून येतील, ठेवा आता."

"थांब," ते म्हणाले. "तिचं बघून व्हायचंय अजून."