सिहोऱ्याच्या गोदामात ‘आई’

आधीच सांगते — भूत, संचार, अंगात येणं, या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं छापलीत आणि आमच्या शहरातल्या कांचघरच्या चौकात उभी राहून वाटलीत. आजही वाटेन. पण हे जे घडलं ते माझ्या कुठल्याच पत्रकात बसत नाही...

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी गल्लीच्या तोंडाशी संगमरवराची देवी होती. फार जुनी, नाक झिजून गेलेलं. सुमनकाकूंच्या सासऱ्यांनी बसवलेली. सगळी गल्ली तिला ‘आई’च म्हणायची. नाली रुंद करताना ठेकेदाराने ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून उचलली, आणि वर्षभराने कळलं की ती दिल्लीच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतलीय. वर त्याचं म्हणणं — तुमची होती, तर विक्रीआधी कुणी मागायला काहून नाही आलं? माझं डोकंच फिरलं; आम्ही कोर्टात केस टाकली. मूर्ती कुणाकुणाच्या हातातून गेली ते शोधत मी शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या सिहोऱ्याला पोचले, एका आडत्याच्या धान्याच्या गोदामात.

सेठजी म्हातारे, बोलके. ठेकेदाराने ठेवली, आपण विकली, सरळ कबूल केलं. मग म्हणाले, तुमच्याकडची एक बाई यायची की.

“वही, हरी साड़ी, नाक में नली. मूर्ति के सामने खड़ी होकर एक ही बात बोलती — आई. मैं कहता, आई हो तो बैठो अम्मा.”

हिंदीत ‘आई’ म्हणजे आली. ती आल्याची वर्दी देतेय, असं त्यांना वाटायचं.

मी मोबाइलमधला गल्लीच्या भंडाऱ्याच्या पंगतीचा जुना फोटो पुढे केला. एवढ्या गर्दीत त्यांचं बोट थेट सुमनकाकूंवर गेलं.

काकूंना लकवा झालाय. मूर्ती उचलली त्याच्याही आधीपासून त्या खाटेवर आहेत. नाकातल्या नळीने अन्न जातं. वाचा गेलेली.

“बिकने के बाद भी आई थी,” सेठजी म्हणाले. “ख़ाली जगह देखी, बोली — आई नहीं. मैंने कहा, सामने तो खड़ी हो बाई!” आणि ते हसले.

मला हसता आलं नाही.

घरी येऊन काकूंच्या मुलाला, प्रकाशदादांना विचारलं, आईला सिहोऱ्याला नेलं होतं का कधी?

“थट्टा करून राहिली का तू?” ते म्हणाले. मग पांघरूण सारून त्यांनी काकूंचे तळवे दाखवले. तान्ह्या पोरासारखे मऊ. किती दिवसांत जमिनीला न लागलेले.

आमच्या वकीलबाईंनी सगळं ऐकलं आणि पेनाचं टोपण लावलं. विक्रीआधी मूर्ती मागायला गेलेलं एकच माणूस — आणि तिचं नाव घेतलं की पहिल्याच प्रश्नात केस पडणार. नाही घेतलं, तर दिल्लीवाला खरा. आम्ही नाव नाही घेतलं. हरलो.

गल्लीत कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. चौथऱ्याच्या जागी आता स्कूटी उभ्या असतात.

निकाल मीच काकूंना सांगितला. मग हळूच विचारलं, “काकू, तुम्ही गेला होता ना?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणतात, अशा पेशंटच्या डोळ्यांतून येतंच पाणी. असेल.

त्या तिथे कशा पोचल्या, मला माहीत नाही. मी पत्रकं छापत होते, बाकी गल्ली आपापल्या ड्यूटीवर होती. आईला मागायला एकटी तीच गेली... आणि कुणीच गेलं नव्हतं, असं आम्ही कोर्टात सही करून लिहून दिलं.