त्यांचा लाल डबा

आज यांच्या वर्षश्राद्धाला मी दिलेलं दान परत मागून आणलं.

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते.

गेलेल्या माणसाच्या वस्तू वर्ष पुरं व्हायच्या आत देऊन टाकायच्या, ही आमच्या घरची रीत. शर्ट, छत्री, घड्याळ, सगळं परवा दिलं.

कपाटाच्या तळाशी लाल प्लास्टिकचा व्ह्यूअर निघाला. डोळ्याला लावायचा, उजेडाकडे धरायचा, बाजूचं हँडल फिरवायचं. आत फिल्मचं कार्ट्रिज असतं. चित्रं हलायला लागतात.

सुनेने विचारलं, "यात काय आहे आई?"

"कार्टून असेल. खेळणंच आहे ते."

खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीला देऊन टाकला. तिच्या नातीसाठी.

खरं म्हणजे मी त्यात कधी डोकावलेच नव्हते.

आज जेवायला वहाबभाई आले. तारनाक्याच्या रेल्वे ऑफिसात यांचं आणि त्यांचं टेबल शेजारी होतं. मी वाढत होते. ते म्हणाले,

"भाभी, वो लाल डब्बा निकालो ना. यार को देखके खातूं मैं."

"त्यात हे आहेत?"

"हौ. नामपल्ली की नुमाईश में मैंइच निकाला मेरे कॅमेरे से. कार्टून फेंकके ये फिल्म डाले उसमें, आपके वास्ते. आप देखे नहीं क्या?"

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती.

मला नामपल्लीच्या प्रदर्शनानंतरचा तो दिवस आठवला.

"बघ ना एकदा," म्हणत हे डबा घेऊन आले होते. माझ्या हातात पुस्तक होतं. शाळा मला मिळाली नाही. लग्नानंतर पुड्यांच्या कागदांवरची अक्षरं लावत लावत मी वाचायला शिकले, म्हणून वाचनाची हाव फार.

"एवढं पान होऊ द्या," म्हटलं.

मग पुढचं पान.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "बघितलंस?"

"हो. छान आहे."

ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. मी आणखी काही बोलेन असं त्यांना वाटत असावं. मग त्यांनीच डबा कपाटात ठेवला.

आज वाढणं सुनेच्या हातात दिलं आणि जिना उतरले.

लक्ष्मीने डबा नातीला दिलाच नव्हता. टीव्हीवर, गणपतीशेजारी ठेवला होता.

मला बघून म्हणाली, "अक्का, अण्णा हैं ना इसमें, साडी लेके. मैं समझी याद के वास्ते दिए आप."

दान परत कसं मागायचं? तेही श्राद्धाच्या दिवशी?

कसंबसं म्हटलं, "लक्ष्मी, मला माहीत नव्हतं गं."

तिने डबा पदराने पुसला आणि माझ्या हातात ठेवला. "लेके जाओ अक्का. आज के दिन ऐसा खडे नक्को रहो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

जिन्याच्या खिडकीशी थांबले. डबा डोळ्याला लावला, हँडल फिरवलं.

हे. तरुण. साडीच्या स्टॉलसमोर.

पोपटी साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकलीय, पदर डोक्यावरून घेतलाय. कॅमेऱ्याकडे बघून मान हलवतात. ही घेऊ का?

मागे दुकानदार पोट धरून हसतोय.

ती साडी मला माहीत आहे. "हा काय रंग आणलात?" म्हणाले होते मी. दिवाळीत नणंदेला देऊन टाकली.

देऊन टाकण्यात माझा हात पहिल्यापासूनच सैल.

कार्ट्रिजमधली फिल्म गोल असते, तिला शेवट नाही. मी फिरवत राहिले. हे पुन्हा पुन्हा पदर घेत राहिले, पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

वर वहाबभाई पानाला हात न लावता बसले होते. त्यांनी डबा डोळ्याला लावला, हसले, मग चष्मा काढून पुसला.

"पागल था मेरा यार," म्हणाले आणि पहिला घास घेतला.

त्यांच्याकडे मान वर करून बघणं मला जमलं नाही.

लक्ष्मीला सांगून आलेय, तुला हवं तेव्हा वर ये, बघ. त्या डब्यावर माझ्यापेक्षा तिचा हक्क जास्त. तिने निदान बघितलं तरी.

अहो, बघितलं.

साडी छान होती.

आज 'भावपूर्ण' लिहायला हात धजत नाही. नुसतीच श्रद्धांजली घ्या.