कोकिळाबाई आणि बिबड्यांची गच्ची

गिरणेकाठी, भडगावच्या अलीकडे एक छोटी नगरपालिका आहे. तिथे कोकिळाबाई बावीस वर्षं शिपाई. साहेब आले, साहेब गेले. योजना आल्या, त्यांचे फलक गंजले. बाई जागच्या हलल्या नाहीत. यंदा हवामान कृती आराखडा आला. एवढा जाडजूड, की साहेबांनी तो उघडायचं धाडसच केलं नाही. शेवटचं पान तेवढं बाईंच्या हातात दिलं: पत्र्याच्या चाळीस घरांवर चुन्याचा पांढरा लेप द्यायचा, म्हणजे घरं कमी तापतील.

यादीत पहिलं घर भिकुबाईचं. तिची लेक रत्ना बाळंतपणाला आलेली. महिन्याचं बाळ दुपारभर लालबुंद होऊन टाहो फोडायचं, डोळ्याला डोळा नाही. गारव्यात ठेवा, नाहीतर दवाखान्यात आणावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या पोराला पाहून कोकिळाबाईंचा जीव कळवळला. पण भिकुबाई शिडीला हात लावू देईना. पत्र्यावर लुगडं अंथरून तिने ज्वारीचे बिबडे, म्हणजे वर्षभराचे पापडच, वाळत घातले होते.

"पत्रा थंडा पडी ग्या ते मना बिबडा कसा वाळतीन?"

आराखडा लिहिणाऱ्याने आयुष्यात बिबडा खाल्ला असता, तर हा प्रश्न त्याला आधीच पडला असता. कोकिळाबाईंनी नगरपालिकेच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"अक्का, नगरपालिकानी बठ्ठी गच्ची तुमनी शे. तठे घाला."

त्या अख्ख्या गच्चीला लेप नव्हता. खाली एसी असल्यावर असले चोचले कोण करतो? ती मस्त तापायची. बघता बघता अख्ख्या गल्लीचे बिबडे तिथे चढले आणि आठवड्यात चाळीसही पत्रे पांढरे झाले.

मग जिल्ह्याचं पथक आलं. पांढरे पत्रे वरून दाखवायला साहेबांनी पाहुण्यांना थाटात गच्चीवर नेलं. पाय ठेवायला जागा नव्हती. त्यात बिबड्यांच्या राखणीला बसलेल्या भिकुबाईने सगळ्यांना चपला काढायला लावल्या.

पथक गेल्यावर साहेब, बाळाला बघायला गेलेल्या कोकिळाबाईंना शोधत, भर दुपारी भिकुबाईच्या दारात धडकले.

"उद्यापासून तुम्ही..."

रत्नाने ओठांवर बोट ठेवलं. झोळीत बाळ गाढ झोपलं होतं.

साहेब थबकले. मग आवाज अगदी खाली आणून, कुजबुजतच त्यांनी बाईंना पाच मिनिटं झाडलं. बाई झोळीकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले, तशी साहेबांची खात्री पटली की आपलं बोलणं चांगलंच लागलंय.