मधातले निळे मोती

भवानी पेठेत माझं बायकांच्या सामानाचं दुकान आहे. टिकल्या, बांगड्या, क्रीम, पावडर. दुकान एवढंसं, की आरशात बघायचं तर गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभं राहावं लागतं; पण तोंड माझं अख्ख्या सोलापूरला पुरून वर अक्कलकोटला उरेल एवढं. साधी फणीसुद्धा माझ्या तोंडून हस्तिदंती होऊनच बाहेर पडायची.

त्या उन्हाळ्यात मी एक फेस स्क्रब ठेवला होता. पारदर्शक ट्यूब, आत मोहरीहून बारीक निळे दाणे. आमच्याच गल्लीतली, घरी टॉवेलच्या कडा शिवणारी मावशी दुकानात आली. लेकीला बघायला पाहुणे येणार होते.

"ह्ये निळं निळं काय रे?"

"मोती, मावशी. खोल समुद्रातले. तिथं ऊन पोचत नाही, म्हणून गारठून निळे पडलेत."

ट्यूबच्या पाठीवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'पॉलिइथिलीन' छापलं होतं. मी ते वाचलं होतं. माझ्या कॅरीबॅगांच्या गठ्ठ्यावरही तेच छापलेलं असायचं. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

महिन्याभरानं मावशी पेढे घेऊन आली. लेक पसंत पडली होती.

"बाळा, तुजे मोती लई गुणाचे!"

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. तोंड धुतलेलं पाणीसुद्धा कोणी मोरीत सोडत नाही. लेक घमेल्यात तोंड धुवायची आणि ते पाणी डब्यात लावलेल्या कढीपत्त्याला जायचं. मातीवर निळे दाणे तसेच पडलेले मावशीनं पाहिले. मोती कोण मातीत टाकतं? दुसऱ्या दिवसापासून ती ते पाणी फडक्यातून गाळायला लागली. दाणे धुवायचे, उन्हात वाळवायचे, डबीत भरून ठेवायचे.

"खलबत्त्यात घातले तर टणाटण उडाले, फुटंनात. म्हटलं, अस्सल हायत. मग तसेच मधात घालून मालकांना चाटवते. मोती थंड असतंय की! त्यांची जळजळ निम्म्यावर आली. डॉक्टरच्या गोळ्या बंदच केल्या बग."

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. खरं सांगायचं तर तिथंच सांगायचं होतं. मी काय सांगितलं?

"मावशी, मोती जास्त झाले की सांधे धरतात. बंद करा."

"मग निम्मं देते," म्हणून ती हसत निघूनही गेली. मी तिला हाक मारली नाही. समोर दुसरं गिऱ्हाईक उभं होतं, आणि त्याच्यापुढं मला खोटं ठरायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शटर ओढलं आणि मावशीच्या घरी गेलो. ती मशीनवर होती, तिचे मालक म्हणजे काका खाटेवर.

"ते मोती नव्हते, मावशी. प्लास्टिक आहे."

मावशी एवढी हसली की सुईतला दोरा तुटला. "तोंडाच्या क्रीमात प्लास्टिक कोण घालतंय रे? थापा मार, पण पटंल अशी तरी मार की!"

"ह्याच्या मेंदीनं मागं टकलावर केस उगवले होते," काका म्हणाले. "आता मोत्याचं प्लास्टिक झालं."

शपथ घेतली तरी दोघं हसतच होती. शेवटी मी तिच्या डबीतले चिमूटभर दाणे चमच्यात घेतले आणि गॅस पेटवला. "मोती असतील तर वितळणार नाहीत."

दाणे आधी चिकटले, मग एकमेकांत मिसळले. चमच्यात एक निळा थेंब उरला आणि घरभर जळक्या पिशवीचा वास सुटला. मावशी उठून आली. तिनं चमच्यात पाहिलं, मग डबीत, मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काकांनी पोटावर हात ठेवला. "मग आत गेलेलं कसं निघायचं?"

"माहीत नाही, काका. डॉक्टरकडं चला."

दवाखान्यात गर्दी होती. गोळ्या बंद का केल्या, त्याऐवजी काय घेत होता, डॉक्टरांनी विचारलं. मावशीनं पदर तोंडाला लावला होता. दोघं माझ्याकडे बघत राहिली.

मी सांगितलं. काही न वाढवता सांगितलं, तर सगळं एका वाक्यात संपलं.